मेंदूतील आक्रमक गाठ: इम्युनोथेरपी की केमोथेरपी, हे कसे पडताळावे

शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात ‘ग्लायोब्लास्टोमा’ (मेंदूतील आक्रमक कर्करोगाची गाठ) असे निदान आले, की ‘केमोऐवजी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारा उपचार, देता येणार नाही का’ हा प्रश्न घरात लगेच निघतो. या दोन्हींची तुलना औषधांच्या किमतीवरून किंवा जाहिरातींवरून न करता गाठीच्या अहवालावरून सुरू करावी. शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली असल्यास रुग्णालयाकडून स्लाइड, मेणात जतन केलेला गाठीचा ब्लॉक आणि एमआरआयची सीडी मागून घ्यावी, कारण मुंबईच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे ठरले तर नुसत्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्डावर काम भागत नाही.

अहवालात आयडीएच (गाठीचा प्रकार ठरवण्यास मदत करणारी जनुकीय चाचणी) आणि एमजीएमटी या दोन चाचण्या झाल्या आहेत का, ते पाहावे. एमजीएमटी हे जनुक केमोथेरपीने झालेली डीएनएची हानी दुरुस्त करते. ‘मिथिलेटेड’ (जनुकावर त्याला बंद करणारी रासायनिक खूण असलेले) असा शेरा असेल तर ते बहुतांशी निष्क्रिय असते आणि टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळीचा परिणाम अधिक मिळण्याची शक्यता असते.

प्रचलित उपचारात साधारण सहा आठवडे रेडिएशन, त्यासोबत रोज टेमोझोलोमाइड आणि नंतर दर 28 दिवसांतून पाच दिवस तेच औषध दिले जाते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ रेडिएशन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो) 12.1 महिने, तर गोळीसह 14.6 महिने होते. फरक लहान वाटतो. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर गेले, आणि माझ्या मते नातेवाइकांनी हाच आकडा अधिक लक्षात घ्यावा.

इम्युनोथेरपीतील निवोलुमॅब हे औषध रोगप्रतिकारक पेशींना लागलेला लगाम सोडवते. काही त्वचा व फुप्फुसांच्या कर्करोगांत अशा औषधांनी मोठा फरक पडला, म्हणून आशा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नव्याने निदान झालेल्या, मिथिलेशन नसलेल्या ग्लायोब्लास्टोमात टेमोझोलोमाइडऐवजी हे औषध रेडिएशनसोबत दिले तेव्हा मध्यम आयुर्मान 13.4 महिने आले, गोळी घेणाऱ्यांचे 14.9. मिथिलेटेड रुग्णांत नेहमीच्या उपचाराला त्याची जोड दिली, तेव्हाही आयुर्मान वाढले नाही. या गाठीत प्रतिकारक पेशी थोड्याच पोहोचतात; शिवाय मेंदूची सूज उतरवण्यासाठी द्यावे लागणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते. त्यामुळे डॉक्टरांना विचारताना ‘इम्युनोथेरपी चांगली आहे का’ असे न विचारता, ‘आमच्या रुग्णाच्या गाठीत तिचा लाभ दिसेल असे काही विशेष आढळले आहे का, आणि ती नोंदणीकृत क्लिनिकल चाचणीत दिली जाणार आहे का’ असे विचारावे. दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर तिच्यासाठी जमीन किंवा दागिने मोडू नयेत.

दुष्परिणामही वेगळे असतात. गोळीने प्लेटलेट व पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्ततपासणी नियमित करावी आणि ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. इम्युनोथेरपीत यकृत, आतडी, फुप्फुसे किंवा थायरॉइडला सूज येऊ शकते, तीही कधी कधी उपचार थांबल्यावर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतील एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसली, तरी तो कधी कधी उपचाराचाच परिणाम असतो. म्हणून केवळ त्या एका अहवालावरून गोळी बंद करण्याचा किंवा घाईने दुसरे औषध सुरू करण्याचा आग्रह धरू नये. पुढचा एमआरआय कधी करायचा, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.