नेपाळचा झेंडा स्केलने कसा काढायचा

नेपाळचा झेंडा अंदाजाने दोन त्रिकोण जोडून काढू नका प्लीज, कारण तो कसा काढायचा हे त्यांच्या संविधानातच स्टेप बाय स्टेप दिलंय, आणि मला ही गोष्ट जाम आवडते.

खाली ९ सेमीची आडवी रेघ मारा, तिच्या डाव्या टोकापासून सरळ वर १२ सेमी (म्हणजे आडवीच्या सव्वापट नाही, एक तृतीयांश जास्त). उभ्या रेघेवर खालून ९ सेमीवर खूण करा, ती खालच्या उजव्या टोकाला जोडा, मग त्या तिरक्या रेघेवर उजव्या टोकापासून ९ सेमी मोजून बिंदू काढा. आता त्या बिंदूतून आडवी रेघ, पण ती डावीकडच्या उभ्या रेघेपासून मोजून ९ सेमीच हवी, तिचं उजवं टोक सगळ्यात वरच्या टोकाला जोडलं की आकार झाला, आतल्या जादा रेघा खोडा.

आत किरमिजी लाल, बाहेरून निळी किनार. वर चंद्र, खाली १२ किरणांचा सूर्य. त्यांना चेहरे काढू नका, ते १९६२ च्या आधीच्या झेंड्यात होते. चंद्र-सूर्य टिकतील तोवर देश टिकावा अशी त्यामागची इच्छा, म्हणून ते नीट वेळ घेऊन काढा.