डेस्कटॉपमध्ये नवी ड्राइव्ह कशी बसवायची?

हार्ड डिस्क किंवा एसएसडी (चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) बसवायला एक स्टार स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. स्क्रू पिळताना सहसा कुणाचं काही बिघडत नाही. घोळ होतो तो केबल जोडताना, आणि नंतर माऊस हातात आल्यावर. म्हणून इथे स्क्रूंबद्दल कमी आणि केबलबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी कॅबिनेट उघडा, मग खरेदी करा

घरच्या डेस्कटॉपमध्ये तीन प्रकारच्या ड्राइव्ह बसतात: ३.५ इंची हार्ड डिस्क, २.५ इंची साटा (केबलने जोडायची जुनी पद्धत) एसएसडी आणि थेट मदरबोर्डवर बसणारी एम.२ एसएसडी. पहिल्या दोघींना प्रत्येकी दोन केबल लागतात, तिसरीला एकही नाही.

एम.२ घेताना मात्र सावध राहा. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटा एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान प्रकारचीही, आणि दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी. मी एकदा साटावाली आणली आणि फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये बसवली. बसली अगदी फिट, स्क्रूही लागला, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तिचा पत्ताच नाही. अख्खी संध्याकाळ काढ-घाल करण्यात गेली. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या स्लॉटला काय चालतं ते स्पष्ट लिहिलेलं असतं, ते खरेदीआधी वाचा. लांबीही बघा: सगळ्यात जास्त चालणारं माप २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब.

वेगाचं म्हणाल तर साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते; तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवरची (एनव्हीएमई मदरबोर्डशी ज्या मार्गाने बोलते तो) चांगली एनव्हीएमई ३५०० एमबीच्या आसपास. पण मशीन जुनं असेल आणि एम.२ स्लॉटच नसेल, तर हळहळू नका. हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर आलात तरी कॉम्प्युटर बदलल्यासारखा वाटतो.

वीज खरोखर बंद करा

महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी दुसरीकडे ठेवा. कॉम्प्युटर स्लीपवर न टाकता शटडाउन करा, एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि समोरचं पॉवर बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज निघून जाईल. ड्राइव्हला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला तेवढी पुरते.

ड्राइव्ह जागेवर बसवा

हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि २.५ इंची एसएसडीचे बारीक आट्यांचे. एकाचा दुसरीला लावायला गेलात तर आटे मरतात. स्क्रू बोटांनी दोन फेरे सहज फिरत नसेल तर तो चुकीचा आहे असं समजा. हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरते, त्यामुळे ती घट्ट बसलेली हवी. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती दोन स्क्रूंवरही निमूट राहते.

एम.२ साठी स्लॉटवर धातूची पट्टी असेल तर आधी ती काढा. एसएसडी साधारण ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा. बरोबर बसली की सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होतात, आणि हात सोडल्यावर तिचं दुसरं टोक हवेत उचललेलंच राहतं. ते बघून घाबरू नका, ती तशीच असते. टोक बोटाने खाली दाबा आणि इवलासा स्क्रू हलक्या हाताने लावा. तो निसटून आत पडला तर सापडेपर्यंत वीज चालू करायची नाही. पट्टी परत लावताना तिच्या चिकट पॅडवरचं पातळ प्लास्टिक काढायला बहुतेक जण विसरतात.

केबल

अरुंद केबल डेटाची, ती मदरबोर्डवरून येते. रुंद केबल पॉवरची, ती एसएमपीएसमधून येते. दोन्हींच्या तोंडाची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी असते, त्यामुळे उलटी बसत नाही. जोर लावावा लागला तर थांबा आणि दिशा बघा. ड्राइव्हच्या बाजूची ती एल आकाराची जीभ नुसत्या प्लास्टिकची असते. केबल वर-खाली हलवत ओढली की कट्‌ करून मोडते. केबल नेहमी सरळ ओढा, आणि तिला धातूची क्लिप असेल तर आधी ती दाबा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. ज्या एसएमपीएसच्या केबल सुट्या करता येतात, त्याला फक्त त्याच्याच केबल लावा. ड्राइव्हच्या बाजूचं तोंड सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसच्या बाजूला मात्र तारांचा क्रम कंपनीगणिक, कधीकधी मॉडेलगणिकही बदलतो. जुन्या डब्यातली केबल मापात बसली म्हणून लावली, तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात आणि बटण दाबताक्षणी ड्राइव्ह जळते.

पॅनल उघडंच ठेवून चालू करा

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि ड्राइव्ह दिसते का बघा. दिसत नसेल तर वीज बंद करून डेटा केबल बदला, मग पोर्ट बदला. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात; जुनी डिस्क अचानक गायब झाली तर पहिला संशय यावरच घ्या.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये नाही? नव्या ड्राइव्हचं असंच होतं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इनिशियलाइझ करायचं का, म्हणजे ड्राइव्ह वापरासाठी तयार करायची का, असं विचारलं जाईल, तिथे जीपीटी ही नवी पद्धत निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, फॉरमॅट म्हणून एनटीएफएस, झालं. मात्र प्रत्येक क्लिकआधी ड्राइव्हचा आकार वाचा. डेटा असलेल्या जुन्या डिस्कबद्दल इनिशियलाइझचा प्रश्न आला, तर सरळ कॅन्सल करा.

१ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

नव्या ड्राइव्हवर विंडोज नव्याने टाकणार असाल, तर तेवढ्यापुरत्या बाकीच्या ड्राइव्ह काढून ठेवा. नाहीतर सुरू होण्याच्या फाइल्स कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात, आणि पुढे ती काढली की नव्यावरचं विंडोजही उठत नाही.