नवरा व्हीलचेअरवर असताना परदेशी कसं जायचं? खुर्ची काउंटरवर सोडायची नाही!

पासपोर्ट, व्हिसा, फॉरेक्स कार्ड हे सगळं तुम्हाला माहीतच असतं. इन्शुरन्स काढताना जुनं दुखणं लपवू नका, एवढंच सांगते. आमच्या ह्यांना मणक्याची दुखापत आहे, पाय अजिबात चालत नाहीत आणि खुर्ची हाताने ढकलायची, फोल्डिंगची आहे. त्या हिशोबाने हे वाचा.

देश निवडताना पहिल्यांदा सिंगापूरच घ्या. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, बसला रॅम्प आहे. लंडनला ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, बऱ्याच स्टेशनांवर अजून जिनेच आहेत पण काळ्या टॅक्सीत खुर्चीसकट बसता येतं. पॅरिसच्या मेट्रोत १४ नंबरची लाइन धरा, बाकीच्या जुन्या लाइनींच्या नादाला लागू नका. आणि कुठंही जा, विमान थेटच घ्या. थोडे पैसे वाचतात म्हणून मधे विमान बदललं की खुर्ची आणि माणूस दोघांची चढउतार डबल होते.

तिकीट काढताना वेबसाइटवर 'व्हीलचेअर' वर टिक केलं की झालं असं सगळे सांगतात. नाही होत. एअरलाइनच्या भाषेत तीन वेगळे कोड आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढतो, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना नाही पण विमानात सीटपर्यंत चालतो, आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावंच लागतं. नुसत्या टिकवर बऱ्याचदा पहिलाच कोड पडतो, मग दारात विमानाच्या पॅसेजमधून जाणारी अरुंद खुर्ची नसते, उचलायला माणसं नसतात आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. तिकीट काढलं त्याच दिवशी फोन करायचा, डब्ल्यूसीएचसी टाकून घ्यायचं, बुकिंगच्या मेलमध्ये ते लिहून आलंय का बघायचं. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे विमानवाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, नियमात ४८ तास आधी कळवायचं म्हटलंय आणि खुर्चीचे जादा पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. खुर्ची बॅटरीची असेल तर वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते ते, काढून ठेवा, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. काढता येणारी लिथियम बॅटरी एक असेल तर ३०० पर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत चालते आणि ती केबिनमध्ये हातात न्यायची.

सीटबद्दल पण एक चुकीचा सल्ला फिरतो, पहिली रांग घ्या, पायाला जागा असते म्हणून. त्या रांगेत ट्रे हाताच्या दांड्यात असतो, दांडा वर उचलत नाही, मग माणसाला त्याच्यावरून उचलून टाकायला लागतं. तिच्या मागच्या एखाद्या रांगेत पॅसेजकडचा दांडा वर उचलता येईल अशी सीट मागा. पुष्कळ विमानात त्याचं बटण बिजागरीजवळ खालून लपवलेलं असतं, क्रूला दाखवायला सांगा.

आता खरी अडचण, चेक-इन काउंटर. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथंच. तिथला मुलगा गोड बोलून सांगतो, मॅडम तुमची खुर्ची इथंच द्या, आम्ही आमची देतो. देऊ नका. त्यांच्या खुर्चीला नीट गादी नसते, पायरेस्ट मापाचं नसतं, आणि ज्याला कमरेखाली कळतच नाही त्याला चार तास तसं बसवलं की जखम होते आणि ती भरायला महिने जातात. शिवाय ती खुर्ची त्याला स्वतःला फिरवता येत नाही, म्हणजे बाथरूमला जायचं तरी कोणाची तरी वाट बघा. शांतपणे एकच वाक्य म्हणायचं, 'आमची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत येणार आणि उतरल्यावर दारातच परत पाहिजे', आणि तसा टॅग लावून घ्यायचा. नाही म्हणाले तर ड्युटी मॅनेजरला बोलवा. रांग मागे वाढली तरी वाढू दे, आपण त्यासाठीच लवकर आलेलो असतो.

दारात पोचलात की गादी, पायरेस्ट, बाजूचे गार्ड, जे जे निघतं ते काढून पिशवीत घालून वर घ्या. गादी विमानाच्या सीटवर टाका, आणि दर अर्ध्या तासाला अंग थोडं उचलायला लावा, झोप लागली असली तरी. खुर्चीला इंग्रजीत एक कार्ड बांधा, कुठं धरून उचलायची, कशी घडी होते, वजन किती. मग चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. एकदा ह्यांच्या खुर्चीचं पुढचं चाक वाकून आलं होतं आणि काउंटरवरची बाई म्हणाली हे आधीचंच असेल, तेव्हा व्हिडिओ दाखवला म्हणून पुढची गोष्ट झाली. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडायच्या आधी पीआयआर म्हणजे तक्रारीचा रिपोर्ट लिहून घ्या आणि ७ दिवसांच्या आत लेखी कळवा, विमानप्रवासाचा जो आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार आहे त्याप्रमाणे ही मुदत आहे. खुर्ची महागाची असेल तर चेक-इनलाच किंमत लिहून द्या, नाहीतर भरपाईला १,५१९ एसडीआरची (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) मर्यादा पडते.

पाणी पिऊ नका म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, युरिन इन्फेक्शन परदेशात फार महागात पडतं. कॅथेटर, बॅग, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या सामानात, आणि बाकीचं तुमच्या डॉक्टरांना जायच्या आधीच विचारून घ्या.

सांगलीहून मुंबई एका दमात करून रात्रीचं विमान पकडू नका, आदल्या दिवशी जाऊन विमानतळाजवळ राहा.

हॉटेलला 'अॅक्सेसिबल रूम आहे का' विचारून काही कळत नाही. बाथरूमच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये मागा, शॉवरला उंबरा आहे का त्याचा फोटो मागा, बेडची उंची विचारा. ह्यांची खुर्ची ६४ सेंटिमीटर आहे, आम्ही ७५ च्या खालचं दार घेत नाही.

परतीच्या विमानाला तोच फोन परत करायचा, जाताना सांगितलं होतं म्हणून येताना आपोआप असेल असं धरू नका. आणि उतरल्यावर सगळे गेले तरी खुर्ची दारात आलीय असं कोणीतरी डोळ्यांनी बघून येईपर्यंत ह्यांना सीटवरून हलवू द्यायचं नाही.