धुरावरची अख्खी कोंबडी: कडवट चव आणि चिवट कातडीवर उपाय

दोन किलोची अख्खी कोंबडी ड्रममध्ये धुरावर लावली की दोन तक्रारी हमखास येतात: मांस कडवट आणि कातडी चामड्यासारखी.

कडवटपणाचं मूळ पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जळणात निघालं. भरिताच्या वांग्यांना कपाशीच्या काड्यांसारखा जाळ नाही, पण त्या भडकन पेटतात, लगेच विझतात आणि मग दाट पांढरा धूर सोडतात. शिवाय त्यांच्यावर फवारणी झालेली असते. त्याऐवजी बाभळीचे कोळसे, वर आंब्याच्या खडखडीत वाळलेल्या लाकडाचे मनगटाएवढे दोन तुकडे. धूर पातळ, निळसर झाल्यावरच कोंबडी आत ठेवायची.

कातडी बिघडते ती मंद आचेमुळे. ११० अंशांवर तिच्याखालची चरबी नीट सुटत नाही. ड्रमची खालची भोकं उघडून १५०–१६० अंश ठेवले, की दीड-दोन तासांत काम होतं. पाठीचा कणा कापून कोंबडी सपाट केली तर आच सारखी लागते.

आदल्या रात्री लिटरमागे ५० ग्रॅम मिठाच्या पाण्यात बुडवा, तेही फ्रिजमध्येच. जळगावच्या उन्हाळ्यात बाहेर अजिबात नको. सकाळी पुसून चार तास फ्रिजमध्ये उघडी वाळवा. हाडाला न टेकवता मांडीत खुपसलेला थर्मामीटर ८० अंश दाखवेल तेव्हा उतरवा. आणि दुकानदाराला आधीच बजावा, कातडी सोलू नका.