संगणकासोबत आलेले जुने अँटिव्हायरस अजून काम करते का, हे कसे तपासावे

नव्या संगणकात कंपनीने आधीच टाकून दिलेले अँटिव्हायरस बहुतेक वेळा ठरावीक मुदतीपुरतेच मोफत असते. मुदत संपली तरी प्रोग्रॅम जागेवर राहतो आणि त्याचे चिन्ह टास्कबारमध्ये दिसत राहते, त्यामुळे संरक्षण चालू असल्याचा समज वर्षानुवर्षे टिकतो. प्रत्यक्षात येथे तीन वेगवेगळ्या मुदती असतात: तुमच्या सदस्यत्वाची, त्या आवृत्तीला अपडेट मिळण्याची आणि खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे विंडोजची. यांपैकी कोणती संपली आहे, हे कळल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सर्वप्रथम संगणकाची तारीख पाहावी. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, बहुधा सीआर २०३२, संपलेला असतो आणि वीज बंद करून पुन्हा सुरू करताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीसाठी लागणारी प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि अपडेट सर्व्हरशी संपर्कच होत नाही. अशा वेळी दोष अँटिव्हायरसचा नसून सेलचा असतो.

त्यानंतर अँटिव्हायरस उघडून ‘अबाउट’ किंवा ‘सबस्क्रिप्शन’ या भागातील तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: आवृत्तीचा क्रमांक, सदस्यत्वाची अंतिम तारीख आणि व्हायरस डेफिनिशनची (व्हायरस ओळखण्यासाठी लागणाऱ्या माहितीची) तारीख. हिरव्या खुणेपेक्षा डेफिनिशनच्या तारखेवर अधिक विश्वास ठेवावा. इंटरनेट सुरू असूनही ती कित्येक दिवस जुनी असेल, तर ‘अपडेट’ दाबून येणारा संदेश शब्दशः लिहून ठेवावा.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. (विंडोज १० साठी मुदतवाढीची वेगळी योजना आहे, तीत नाव नोंदवावे लागते.) विंडोज ७ वर आणखी एक अडचण येते: २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या अपडेटसाठी एसएचए-२ पद्धतीची डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली, आणि ती ओळखण्यासाठीचे अपडेट ज्या संगणकात टाकलेले नाही तेथे नव्या अँटिव्हायरसचे इन्स्टॉलेशनही अडू शकते.

मदत मागायची असल्यास ती अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीकडे मागावी, कारण संगणक विकणारी कंपनी डेफिनिशन पुरवत नाही. अँटिव्हायरस कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या विंडोजचे नाव ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’ मध्ये आहे का, हे नूतनीकरणापूर्वी पाहावे. नसेल तर नवे सदस्यत्व घेऊनही नवी आवृत्ती चालणार नाही. सर्च इंजिनमध्ये सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर मात्र फोन करू नये, कारण त्यांत फसवणूक करणारे पुष्कळ असतात.

अपडेट मिळतच नसतील तर ते अँटिव्हायरस काढून टाकणे उत्तम. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करावा, मग त्याच कंपनीचे ‘रिमूव्हल टूल’ चालवून पुन्हा रीस्टार्ट करावा. मॅकॅफी, नॉर्टन यांसारख्या कंपन्या असे टूल देतात, आणि उरलेल्या ड्रायव्हरमुळे होणारा पुढचा घोळ त्याने टळतो. विंडोज १० मध्ये यानंतर डिफेंडर हे विंडोजचे स्वतःचे अँटिव्हायरस साधारणपणे आपोआप सुरू होते. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तशी खात्री करावी. डिफेंडरला ऑक्टोबर २०२८ पर्यंत डेफिनिशन मिळतील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, परंतु त्यामुळे विंडोजमधील उघड्या राहिलेल्या त्रुटी बुजत नाहीत. विंडोज ७ मधील त्याच नावाचा प्रोग्रॅम केवळ स्पायवेअर पकडतो, म्हणून तेथे त्याच्या भरवशावर राहू नये, आणि असा संगणक शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवावा.

शेवटी संरक्षण खरोखर जागे आहे का, हे आयकार या संस्थेने अँटिव्हायरस तपासण्यासाठीच दिलेल्या चाचणी फाइलने पाहता येते. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी फाइल आयकारच्याच संकेतस्थळावरून घेऊन सेव्ह करावी. अँटिव्हायरसने ती तत्काळ अडवली नाही, तर ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ बंद आहे का, ते आधी तपासावे.