वकील नसताना घरच्या माणसासाठी कोर्टात उभं राहायचंय? आधी ही तयारी

आत्या, काका, पुण्याला गेलेला भाऊ, कोणाच्याही वतीने इथे इंदूरच्या कोर्टात बोलायचं असेल आणि तुम्ही वकील नसाल, तर सगळ्यात आधी एक अर्ज तयार करा. मुखत्यारपत्राच्याही (म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीच्याही) आधी. 'या प्रकरणात अमुक व्यक्तीला माझी बाजू मांडण्याची परवानगी द्यावी' असा अर्ज, आणि त्यावर सही पक्षकाराची. तुमची नव्हे, आत्याची. मागच्या वेळी माझ्याकडे नोटरी केलेलं मुखत्यारपत्र होतं, फाईल चोख होती, आणि पुकारा झाल्यावर रीडरने, म्हणजे न्यायाधीशांसमोर फाईली मांडणाऱ्या कर्मचाऱ्याने, पानं उलटून एवढंच विचारलं, 'अनुमति का आवेदन कहाँ है?' पेशी पुढे गेली. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाच्या प्रकरणात एक तारीख वाया जाणं काय असतं, ते ज्याच्या घरात घडतं त्यालाच कळतं.

आता कारण. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे कोर्टात वकिली करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वकिलांनाच आहे. त्याच कायद्याचं कलम 32 मात्र कोर्टाला मुभा देतं, की एखाद्या ठराविक प्रकरणात वकील नसलेल्या माणसालाही उभं राहू द्यावं. ही कोर्टाची मर्जी आहे, तुमचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हे स्पष्ट केलं, आणि 1999 मध्ये पुन्हा सांगितलं की नुसत्या मुखत्यारपत्राच्या जोरावर कोणी दुसऱ्याचा वकील होऊ शकत नाही. आधी परवानगी, मग बोलणं. 'ठराविक प्रकरण' हेही नीट लक्षात घ्या. दावा एक आणि अपील वरच्या कोर्टात गेलं, तर तिथे नवा अर्ज.

अर्जात दोन ओळी खरडून भागत नाही. तुमचं पक्षकाराशी नातं काय, वकील का लावला नाही, पक्षकार स्वतः का येऊ शकत नाही, तुम्हाला प्रकरणाची माहिती कशी, हे सगळं हवं, कारण कोर्ट नेमकं हेच पाहतं. आजारपण लिहिलंत तर डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. आणि तुम्ही पैसे घेऊन हे करत नाही, हेही लिहा. मिळालेली परवानगी मधेच काढूनही घेता येते, तेव्हा आवाज चढवू नका, समोरच्या वकिलाशी हुज्जत घालू नका.

मुखत्यारपत्र हवंच, पण त्याने काय होतं ते समजून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 प्रमाणे मुखत्यार, म्हणजे ज्याच्या नावे हे पत्र आहे तो, पक्षकारातर्फे हजर राहू शकतो, अर्ज देऊ शकतो, कागद दाखल करू शकतो. युक्तिवाद आणि उलटतपासणी त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी तोच परवानगीचा अर्ज. साक्षही येत नाही. जे आत्याने पाहिलं, केलं, सही करून दिलं, ते आत्यानेच सांगायचं. मुखत्यार तिच्या जागी साक्षीला उभा राहू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा निकाल आहे. ती अंथरुणाला खिळली असेल तर घरी येऊन साक्ष नोंदवण्यासाठी त्याच संहितेच्या आदेश 26 खाली कमिशन, म्हणजे कोर्टाने त्यासाठी नेमलेला माणूस, मागा. हा अर्ज वेगळा, आणि वेळेत द्या. मुखत्यारपत्रात कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि एकेक अधिकार सुटा लिहून घ्या. तडजोड करण्याचा अधिकार द्यायचा असेल तर तो स्पष्ट शब्दांत. पत्र अमेरिकेहून येणार असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत इथला मुद्रांक लावा.

तुम्ही स्वतःच त्या दाव्यात सहवादी किंवा सहप्रतिवादी असाल, जसे वाड्याच्या वाटणीत भाऊबहिणी असतात, तर रस्ता सरळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1 नियम 12 प्रमाणे बाकीचे तुम्हाला लेखी अधिकार देऊ शकतात, बोलण्याचासुद्धा. तो कागद सह्यांसकट कोर्टात दाखल व्हायला हवा, घरच्या कपाटात नव्हे. अज्ञान (अल्पवयीन) मुलासाठी वादमित्र, म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणारा मोठा माणूस, लागतो, आणि त्याचं हित मुलाच्या विरुद्ध असता कामा नये.

भाषेचं पाहून ठेवा. इथली खालची कोर्टं हिंदीत चालतात. आपल्या घरांत आजोबांचं मृत्युपत्र मराठीत असतं, होळकरांच्या काळातला कागद तर मोडीतही निघतो. मूळ प्रत तशीच ठेवा आणि तिच्यासोबत हिंदी अनुवाद टाइप करून जोडा. मोडी वाचणारा माणूस आयत्या वेळी मिळत नाही, आधीच शोधा.

कोर्ट कोणतं, त्यावरही बरंच ठरतं. कुटुंब न्यायालयात 1984 च्या कायद्याप्रमाणे वकील हा कोणाचा हक्कच नाही, कोर्टाने परवानगी दिली नाही तर स्वतः बोलावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली आईवडील असमर्थ असतील तर त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. ग्राहक आयोगात नातेवाईक, शेजारी, मित्र चालतो, फी न घेता आणि लेखी अधिकारपत्रासह. तिथले 2014 चे नियम वाचून जा. कामगारांच्या वादात युनियनचा पदाधिकारी.

बाकी नेहमीचं: आधार, फोटो, छायाप्रती, मोबाईल बंद, वेळेआधी हजेरी, पुढची तारीख लिहून घेणं. परवानगीच्या अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच. सही पाहिलीत ना, कोणाची आहे ती? पक्षकार सही करू शकत नसेल तर अंगठा, साक्षीदारांसमोर.

आणि परवानगी नाकारली तर हात चोळत बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अपंग आणि अनुसूचित जातीजमातींनाही. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे त्याच दिवशी अर्ज द्या.