ओस्लो करार का मोडला हे वाचनालयात कसे मांडावे

अमळनेर किंवा चोपड्यातील एखाद्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळापुढे इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्यातील शांतताप्रयत्न का फसले हे मांडायचे असेल, तर आधी फळ्यावर वेस्ट बँकेचा (जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील पॅलेस्टिनी भूभागाचा) नकाशा काढावा. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने या भूभागाचे अ, ब, क असे विभाग पाडले आणि सुमारे ६० टक्के जमीन असलेला क विभाग इस्रायलच्या ताब्यात राहिला. तेवढा भाग खडूने रंगवला की उरलेली पॅलेस्टिनी गावे बेटांसारखी सुटी पडलेली दिसतात.

मग १३ सप्टेंबर १९९३ कडे वळावे. त्या दिवशी पहिल्या ओस्लो करारावर सह्या झाल्या आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन व पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी हस्तांदोलन केले, परंतु जेरुसलेम, निर्वासित, व्याप्त भूभागातील ज्यू वसाहती आणि सीमा हे प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर सोपवले गेले. माझ्या मते खरी मेख येथेच आहे. त्या मधल्या काळात वसाहती वाढत राहिल्या, हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने आत्मघाती स्फोट घडवले, १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने २९ नमाजींना ठार केले आणि ४ नोव्हेंबर १९९५ रोजी राबिन यांचीच एका ज्यू अतिरेक्याने हत्या केली. यांतील एकही घटना वगळू नये. वगळली, तर अर्धी सभा दुखावते आणि तिचे दुखावणे रास्तच असते.

दोन्ही बाजूंमधली २००० ची अमेरिकेतील फसलेली कॅम्प डेव्हिड शांतता परिषद थोडक्यात सांगितली तरी चालते.

चर्चेत कोणीतरी बांधाच्या भांडणाची उपमा देईलच. ती नम्रपणे थांबवावी, कारण आपल्या बांधाला सातबारा असतो, सरकारी मोजणी असते आणि शेवटी न्यायालय असते. तेथे दोघांनाही मान्य होईल असा निवाडा करणारा कोणी नाही.